घोडे कीं शिळा ? — एका कादंबरीकाराची दूरचित्रवाणीवरील कारकीर्द

आमच्या साहित्यशास्त्रकारांनीं काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे दोन भेद मानिले आहेत. जें रंगभूमीवर डोळ्यांनीं पाहावयाचें तें दृश्य. जें ऐकावयाचें अथवा वाचावयाचें तें श्रव्य. कालिदासानें दोन्ही प्रकार हाताळले व दोहोंतही यश मिळविलें. परंतु आपलें शाकुंतल इतक्या मिनिटांतच बसवा, मध्यें चार वेळां जाहिरातींसाठीं थांबा, आणि दुष्यंताच्या रथाचे घोडे महाग पडतात सबब त्यास पायींच मृगयेस पाठवा, असें सांगणारा कोणी कालिदासास भेटला नव्हता. ज्या एका ग्रंथकारास तो भेटला, आणि त्या भेटीचा ज्याच्या लेखणीवर जन्मभर परिणाम झाला, त्याची हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या ग्रंथकाराचें नांव जॉर्ज मार्टिन. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही दूरचित्रवाणी-मालिका २०११ पासून २०१९ पर्यंत अमेरिकेंतील एचबीओ ह्या वाहिनीनें दाखविली व ती जगभर पाहिली गेली. तिचे मूळ ग्रंथ ह्यांचे. आमच्या घरांतील तरुण मंडळींत त्यांच्यावरून दोन तट पडलेले आहेत. पुतण्याचें म्हणणें असें कीं, सात ग्रंथांची कथा सांगण्याचें वचन देऊन पांचांवर थांबणें ही वाचकांची उघड फसवणूक होय. नातीचें म्हणणें असें कीं, लेखक हा कोणाचा बांधलेला गडी नव्हे. हा वाद पंगतींत निघाला म्हणजे आमटी थंड होते. शेवटीं "काका, तुम्हीच सांगा" आणि "आजोबा, तुम्हीच सांगा" असा दोन्ही बाजूंनीं आग्रह झाल्यामुळें आम्हांस त्या गृहस्थांचे ग्रंथ व चरित्र ह्यांकडे वळावें लागलें. वळल्यावर मात्र आढळलें कीं, ह्या वादाचें मूळ मालिकेच्याही पुष्कळ मागें आहे.

मार्टिन ह्यांचा जन्म २० सप्टेंबर १९४८ रोजीं न्यू जर्सी संस्थानांतील बेयॉन ह्या गांवीं झाला. न्यूयॉर्कच्या बंदरास लागून असलेलें हें गोद्यांचें व धक्क्यांचें गांव. वडील गोदींत मजुरी करीत. सरकारनें अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीं बांधलेल्या इमारतींत त्यांचें बिऱ्हाड होतें. घरीं मोटार नव्हती, त्यामुळें गांव सोडून कोठें जाण्याचा प्रसंग क्वचितच येई. घर पहिल्या रस्त्यावर आणि शाळा पांचव्या रस्त्यावर. म्हणजे मुलाचें सारें जग पांच रस्त्यांचें. पण खिडकींतून खाडी दिसे, तींतून देशोदेशींचीं जहाजें जात, आणि त्यांवरील निशाणें ओळखण्याचा ह्या मुलास नाद लागला. ज्यास गांवाबाहेर पाऊल टाकतां येत नाहीं, त्याचें मन किती दूर जातें हें आम्हीं आमच्या वर्गांतही पाहिलेलें आहे.

आणखी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे, कारण पुढील ग्रंथांचें बीज आम्हांस तींत दिसतें. त्यांच्या आईचें माहेर एके काळीं सुखवस्तु होतें. बांधकामाचा धंदा, स्वतःचा धक्का, मोठें घर, असें सर्व होतें; १९२९ नंतरच्या महामंदींत तें गेलें. शाळेस जातांयेतां हा मुलगा त्या धक्क्यावरून जाई, आणि हें एकदां आपलें होतें असें घरीं ऐके. आमच्यापैकीं ज्यांच्या घराण्याची इनामें गेलीं, वाडे विकले गेले, त्यांस त्या मुलाच्या मनाची कल्पना निराळी करून द्यावयास नको. राज्यभ्रष्ट कुळांच्या कथा ज्यानें पुढें हजारों पृष्ठें लिहिल्या, त्यानें राज्यभ्रंश आधीं शाळेच्या वाटेवर पाहिला होता.

कुत्रें-मांजर पाळण्यास तेथें परवानगी नव्हती, म्हणून त्यानें लहान कासवें पाळलीं व त्यांस खेळण्यांतल्या किल्ल्यांत ठेविलें. कासवें वरचेवर मरत. मुलानें त्याचें कारण असें शोधून काढिलें कीं, किल्ल्यांत सिंहासनासाठीं कपटकारस्थानें चालूं असून हीं कासवें एकमेकांचे खून करीत आहेत ! आणि मग त्या कारस्थानांच्या गोष्टी त्यानें रचिल्या. ह्याच सुमारास तो शेजारच्या मुलांस भुताखेतांच्या गोष्टी लिहून थोड्या पैशांस विकी, व त्या किंमतींत साभिनय वाचनही करून दाखवी. एका मुलास रात्रीं दुःस्वप्नें पडूं लागलीं, त्याच्या आईनें तक्रार केली, आणि हा व्यापार बुडाला. लेखन, वाचन, विक्री आणि बंदी, म्हणजे दूरचित्रवाणीवरील सारा धंदा त्या मुलानें वयाच्या दहाबारा वर्षांच्या आंतच करून पाहिला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पुढील शिक्षण वृत्तपत्रव्यवसायाचें. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांतून १९७० सालीं पदवी व १९७१ सालीं पदव्युत्तर पदवी त्यांनीं घेतली. पहिली विकली गेलेली कथा फेब्रुवारी १९७१ च्या 'गॅलक्सी' मासिकांत छापून आली. व्हिएतनामच्या युद्धांत शस्त्र धरण्यास त्यांनीं विवेकबुद्धीच्या कारणानें नकार दिला, आणि त्याऐवजीं १९७२ ते १९७४ हीं वर्षें शिकागोंत गरिबांस कायद्याची मदत देणाऱ्या संस्थेंत सेवा केली. पोटासाठीं ते बुद्धिबळाच्या सामन्यांची व्यवस्था पाहात. सामने शनिवार-रविवारीं, उरलेले पांच दिवस लेखनास मोकळे. नवशिक्या लेखकास ह्याहून चांगली नोकरी आम्हांस तरी सुचत नाहीं. नंतर १९७६ पासून आयोवा संस्थानांतील एका लहान महाविद्यालयांत त्यांनीं अध्यापन केलें, आणि १९७९ मध्यें नोकरी सोडून ते न्यू मेक्सिकोंतील सांता फे येथें केवळ लेखणीवर जगण्यासाठीं येऊन राहिले.

तोंवर विज्ञानकथाकार म्हणून त्यांचें नांव झालें होतें. ह्या शाखेंत ह्यूगो नांवाचें पारितोषिक फार मानाचें समजतात. तें त्यांस प्रथम १९७५ मध्यें मिळालें. १९७९ सालच्या 'सँडकिंग्ज' ह्या कथेस तर ह्यूगो व नेब्युला हे दोन्ही मान लाभले. एक क्रूर श्रीमंत मनुष्य कांचेच्या पेटींत बारीक जीव पाळतो. ते वाळूचे किल्ले बांधतात, आपसांत युद्धें करितात, आणि अखेर धन्यावरच उलटतात, अशी ती कथा. वाचकांस त्या कासवांची आठवण झालीच असेल.

येथवर सर्व चढतें होतें. १९८३ मध्यें त्यांची 'दि आर्मागेडन रॅग' ही कादंबरी निघाली. साठांच्या दशकांतील एका वाद्यवृंदाभोंवतीं गुंफलेली ही कथा गाजेल अशी प्रकाशकांची खात्री होती, आगाऊ रक्कमही मोठी दिली होती. पण पुस्तक खपलें नाहीं. आणि अमेरिकेंतील प्रकाशनव्यवहार असा कीं, एका पुस्तकानें पैसे बुडविले म्हणजे त्या लेखकाचें पुढील पुस्तक कोणी हातीं धरीत नाहीं. कर्ज काढून घर घेतलेलें, वय पस्तीस, आणि एका पुस्तकानें बारा वर्षांची कीर्ति धुऊन निघालेली. ज्या पुस्तकानें बुडविलें त्यानेंच मात्र एक दार उघडलें. फिलिप डीगेर नांवाच्या दूरचित्रवाणी-निर्मात्यानें ह्याच कादंबरीवर चित्रपट काढण्याचें योजून तिचे हक्क घेतले होते. चित्रपट निघाला नाहीं. परंतु १९८५ मध्यें 'ट्वायलाइट झोन' ही जुनी नामांकित मालिका सीबीएस वाहिनीसाठीं पुन्हां सुरू करण्याचें काम डीगेर ह्यांच्याकडे आलें, तेव्हां त्यांस ह्या लेखकाची आठवण झाली.

आतां ह्या धंद्याची रीत थोडी सांगितली पाहिजे. आमच्याकडे निर्माता म्हणजे पैसा घालणारा शेठजी असा समज आहे. अमेरिकेच्या दूरचित्रवाणींत तसें नाहीं. तेथें बहुतेक मालिकांचे लेखक हे पगारी असतात. ते एका खोलींत बसून कथेचा खल करितात. नवीन आलेला केवळ लेखक. तो चढला म्हणजे कथासंपादक. आणखी चढला म्हणजे निर्माता. ह्या पदावरचा मनुष्य लिहितो तर खराच, पण शिवाय नटांची निवड, खर्चाचा मेळ, चित्रित भागाची कापाकापी, संगीत, इतकें सारें पाहतो. घरांतील थोरल्या सुनेप्रमाणें, स्वयंपाक तिनें करावयाचा आणि वाणसामानाचा हिशेबही तिनेंच द्यावयाचा. मार्टिन ह्या पायऱ्या एकामागून एक चढले.

पहिल्याच वर्षीं त्यांस जो धडा मिळाला तो फार मौजेचा आहे. रॉजर झेलाझ्नी ह्या लेखकाची आर्थर राजाच्या लान्सलॉट नामक वीराविषयीं एक कथा आहे. तो वीर आजच्या काळापर्यंत जिवंत आहे अशी कल्पना. ह्या कथेची पटकथा मार्टिन ह्यांनीं लिहिली. शेवटीं इंग्लंडांतील स्टोनहेंज येथील प्रचंड शिळांच्या वर्तुळांत दोन चिलखती योद्ध्यांचें घोड्यांवरून द्वंद्व होतें, असा प्रसंग त्यांनीं घातला. खर्च पाहणाऱ्या अधिकाऱ्यानें सांगितलें, घोडे हवे असतील तर घोडे मिळतील, शिळा हव्या असतील तर शिळा मिळतील. दोन्ही मिळणार नाहींत. नव्या लेखकास पेंच पडला. मूळ कथा स्नेह्याची, तेव्हां त्यांनीं झेलाझ्नी ह्यांसच दूरध्वनीनें विचारिलें. क्षणभर थांबून ते म्हणाले, शिळा ठेवा. तो भाग १९८६ मध्यें दाखविला गेला, आणि त्यांत ते वीर शिळांमध्यें पायींच लढले.

हें वाचून आम्हांस भरतमुनींची आठवण झाली. युद्ध, राज्यभ्रंश, मरण आणि नगराचा वेढा हीं अंकांत प्रत्यक्ष दाखवूं नयेत, तीं प्रवेशकांत पात्रांच्या मुखानें सुचवावीं, असा नाट्यशास्त्राचा दंडक आहे. टीकाकार ह्याचें कारण रसभंग आणि औचित्य असें देतात. तें आहेच, पण सूत्रधाराच्या थैलीचा विचारही मुनींच्या मनांत नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. चार नटांत कुरुक्षेत्र उभें करूं पाहणाऱ्या मंडळींचें हंसें होतें, हें त्यांनीं पाहिलें असेल. ते चार निषिद्ध विषय वाचकांनीं ध्यानांत ठेवावे.

'ट्वायलाइट झोन' संपल्यावर मार्टिन १९८७ पासून 'ब्यूटी अँड दि बीस्ट' ह्या मालिकेवर आले व तेथें निर्मातेपदास पोंचले. न्यूयॉर्क नगराखालील भुयारांत राहणारा सिंहमुखी व्हिन्सेंट आणि वर नगरांत वकिली करणारी कॅथरीन ह्यांची ही हळुवार प्रीतिकथा तीन हंगाम चालली. नायिकेचें काम करणारी नटी सोडून गेली, म्हणून कथेंत नायिकेस मारावें लागलें; प्रेक्षक रुसले, आणि १९९० मध्यें मालिका बंद पडली. कथेच्या गरजेनें पात्र मरणें निराळें आणि नटीच्या करारानें मरणें निराळें. पुढें ज्या लेखकानें आपलीं लाडकीं पात्रें निर्दयपणें मारिलीं असा बोभाटा झाला, त्यानें हा फरक जवळून पाहिला होता.

सुमारें दहा वर्षें त्यांनीं ह्या व्यवसायांत काढिलीं. तक्रार नेहमीं एकच येई. पटकथा उत्तम आहे. पण फार लांब आहे, पात्रें फार आहेत, लढाया फार आहेत, आणि आपल्यापाशीं आहे त्याच्या कितीतरी पट पैसा तींस लागेल. मग लेखक कापूं लागे. दहा हजारांचें सैन्य दहांवर येई. लढाईचें द्वंद्व होई. द्वंद्वाचें भांडण होई. १९९२ मध्यें त्यांनीं स्वतः कल्पिलेल्या 'डोअरवेज' ह्या मालिकेचा नमुन्याचा भाग एबीसी वाहिनीसाठीं चित्रित झाला. तो पसंत पडला, आणखी संहिता मागविल्या गेल्या. आणि मग वाहिनीनें नकार दिला. त्या काळांतील त्यांच्या पुष्कळशा लेखनाचें असेंच झालें. मोबदला चोख मिळे, पण वाचणारीं माणसें एका खोलींत मावतील एवढींच. ज्यानें भुताच्या गोष्टी अल्प किंमतींत विकून वर अभिनयही करून दाखविला, त्यास प्रेक्षकांवांचून मिळणारा पैसा गोड लागेना, ह्यांत नवल नाहीं.

ह्याच्या थोडें आधीं, १९९१ च्या उन्हाळ्यांत, एक घटना घडली होती. एका विज्ञानकादंबरीचें काम चालूं असतां त्यांच्या मनांत अचानक एक प्रसंग उभा राहिला. उन्हाळ्यांतील बर्फ पडलेलें आहे. एक लहान मुलगा एका मनुष्याचा शिरच्छेद पाहून परत येतो आहे. वाटेंत एक प्रचंड लांडगी मरून पडलेली आहे, तिच्या गळ्यांत सांबराचें शिंग रुतलेलें आहे, आणि भोंवतीं तिचीं पिल्लें आहेत. हीं मुलें कोण, बर्फ उन्हाळ्यांत कां, हें लेखकास स्वतःलाच ठाऊक नव्हतें. त्यांनीं हातचें काम बाजूस सारिलें आणि तो प्रसंग लिहून काढिला. पुढें शंभरएक पृष्ठें झालीं. मग दूरचित्रवाणीच्या कामानें तीं पेटींत गेलीं. आणि ती मालिका फसल्यावर पुन्हां बाहेर आलीं.

ह्या वेळीं त्यांनीं मनाशीं ठरविलें कीं, येथें खर्चाचा हिशेब पाहणारा कोणी नाहीं. घोडेही ठेवावयाचे आणि शिळाही ठेवावयाच्या. १९९६ मध्यें 'ए गेम ऑफ थ्रोन्स' हा पहिला ग्रंथ निघाला. तीन ग्रंथांत आटपावयाची ही कथा फुगत फुगत सातांची ठरली. तींत सात राज्यें, शेंकडों पात्रें, आणि उत्तर सीमेवर सातशें फूट उंचीची बर्फाची भिंत ! ह्या भिंतीची कल्पना त्यांस १९८१ मध्यें इंग्लंडच्या उत्तरेस रोमन सम्राट हेड्रियन ह्यानें बांधविलेल्या भिंतीवर उभे असतां सुचली होती. कथेंतील स्टार्क व लॅनिस्टर हीं वैरी घराणीं इंग्लंडच्या इतिहासांतील यॉर्क व लँकेस्टर घराण्यांच्या गुलाबयुद्धांची आठवण करून देतात. युद्ध, राज्यभ्रंश, मरण आणि नगराचा वेढा ! भरतानें अंकांतून घालवून दिलेले चारही विषय ह्या ग्रंथांत राजासनावर बसले आहेत.

आम्हीं हे ग्रंथ वाचावयास घेतले ते काहींशा अनिच्छेनें, कोश शेजारीं ठेवून. पहिल्याच ग्रंथाच्या अखेरीस जो सज्जन, धर्मनिष्ठ पुरुष कथानायक असावा असें आपण धरून चाललेलों असतों, त्याचा भर चौकांत शिरच्छेद होतो. आम्हीं पुस्तक मिटून ठेविलें तें दोन दिवस उघडलें नाहीं. पण तिसऱ्या दिवशीं उघडलें. प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या डोळ्यांनीं सांगावयाचें, आणि तें अशा ठिकाणीं तोडावयाचें कीं वाचकाचा हात आपोआप पुढील पान उलटील, ही ह्या लेखकाची हातोटी आहे. जाहिरात संपेपर्यंत प्रेक्षक उठून जाऊं नये म्हणून दहा वर्षें जो अंक तोडण्याचें शिकला, त्यासच ती साधावी. म्हणजे ज्या बंधनास कंटाळून ते कादंबरीकडे परतले, त्या बंधनानेंच त्यांच्या कादंबरीस धार आणली होती.

एक इशारा कुटुंबवत्सल वाचकांस दिला पाहिजे. ग्रंथांत, आणि त्याहून अधिक मालिकेंत, कामुक दृश्यें व क्रौर्य ह्यांची इतकी रेलचेल आहे कीं सर्वांनीं मिळून दिवाणखान्यांत बसून पाहण्याजोगी ही वस्तु नव्हे. कित्येक ठिकाणीं कथेस त्यांची गरज होती असें आम्हांस वाटलें. कित्येक ठिकाणीं मुळींच वाटलें नाहीं. मार्टिन ह्यांचे भक्त ह्यावर इतिहासाचा दाखला देतात. व्यासांनींही दुःशासनाची सभा लिहिली आहे; पण ती वाचून मान खालीं जाते, डोळे विस्फारत नाहींत. असो.

चित्रपटवाले लवकरच आले. परंतु दोनअडीच तासांच्या चित्रपटांत हें महाभारत बसवावयाचें तर बहुतेक सर्व पात्रें कापावीं लागतील, म्हणून ग्रंथकार बधले नाहींत. २००६ मध्यें डेव्हिड बेनिऑफ व डी. बी. वाइस हे दोन तरुण लेखक लॉस एंजेलिस येथें त्यांस भेटले. दुपारच्या जेवणास बसलेले तिघे रात्रीच्या जेवणाची वेळ होईपर्यंत बोलत राहिले. अखेरीस मार्टिन ह्यांनीं परीक्षकाप्रमाणें एकच प्रश्न विचारिला. जॉन स्नो ह्या पात्राची आई कोण ? ग्रंथांत तें कोठेंही उघड सांगितलेलें नाहीं. दोघांनीं तर्क केला, तो बरोबर निघाला. अशी तोंडी परीक्षा आम्हीं आयुष्यभर घेतली. मुलानें पुस्तक पाठ केलें आहे कीं वाचलें आहे, हें तिच्याइतकें दुसऱ्या कशानें कळत नाहीं.

जें १९८६ मध्यें अशक्य होतें तें आतां शक्य कां झालें, हेंही पाहण्याजोगें आहे. एचबीओ ही वर्गणीवर चालणारी वाहिनी. तिला जाहिराती नाहींत, म्हणून मध्यें अंक तोडावा लागत नाहीं. वर्षाला बावीस भागांऐवजीं दहाच भाग करावयाचे, म्हणून प्रत्येकावर खर्च करितां येतो. संगणकाच्या साह्यानें दहा माणसांचें सैन्य दहा हजारांचें दाखवितां येऊं लागलें होतें. एप्रिल २०११ मध्यें पहिला भाग दाखविला गेला. मे २०१९ पर्यंत एकंदर ७३ भाग झाले, आणि एमी नांवाचीं ५९ पारितोषिकें तीस मिळालीं. मार्टिन हे मालिकेचे एक निर्माते होते, आणि पहिल्या चार हंगामांत प्रत्येकीं एक भाग त्यांनीं स्वतः लिहिला.

त्यांतील २०१२ सालचा 'ब्लॅकवॉटर' हा भाग आम्हीं मुद्दाम पाहिला. ग्रंथांत ह्या आरमारी युद्धांत नदीच्या मुखावर एक प्रचंड सांखळी ताणून शत्रूचीं जहाजें कोंडलीं जातात. मालिकेंत सांखळी नाहीं. हिरव्या आगीवरच सर्व भागविलें आहे. आणि ती सांखळी ज्या पटकथेंत नाहीं, ती लिहिणारे स्वतः ग्रंथकारच ! सव्वीस वर्षांनीं, जगांतील सर्वांत खर्चिक मालिकांपैकीं एकींत, तोच जुना प्रश्न पुन्हां पुढें उभा राहिला, आणि पुन्हां त्यांनीं शिळा ठेवून घोडे सोडिले. जुन्या धंद्यांत कमावलेला हात अशा वेळीं कामास येतो. दुसरा एखादा ग्रंथकार आपल्या सांखळीसाठीं रुसून बसला असता.

आतां वादाच्या विषयाकडे येऊं. पहिले तीन ग्रंथ १९९६, १९९८ आणि २००० सालचे. चौथा २००५ चा. पांचवा २०११ चा, म्हणजे मालिका सुरू झाली त्याच वर्षींचा. दूरचित्रवाणी दरवर्षीं एक हंगाम संपवी. ग्रंथकाराची लेखणी तितकी वेगवान नव्हती. चार हंगामांनंतर त्यांनीं मालिकेसाठीं लिहिणें थांबविलें, तें सहावा ग्रंथ पुरा करण्यासाठीं. २०१६ च्या जानेवारींत त्यांस जाहीर करावें लागलें कीं, ग्रंथ पुरा झालेला नाहीं व मालिका पुढें जाणार. आणि तसेंच झालें. कथेचे पुढील मुख्य टप्पे त्यांनीं त्या दोघां तरुणांस सांगून ठेविले होते. त्या आधारावर मालिकेनें आपला शेवट केला. तो पुष्कळ प्रेक्षकांस रुचला नाहीं. आणि दोष मात्र मार्टिन ह्यांच्याही पदरांत पडला.

ग्रंथ अपुरा राहणें ही वाङ्मयाच्या इतिहासांत नवी गोष्ट नव्हे. ज्या ग्रंथाच्या नांवावरून आपल्या भाषेनें ह्या वाङ्मयप्रकारास नांव दिलें, ती बाणभट्टाची 'कादंबरी'च अपुरी आहे. बाण दिवंगत झाल्यावर त्याच्या पुत्रानें उत्तरभाग रचिला, आणि आरंभींच नम्रपणें सांगितलें कीं, कथा तुटल्यामुळें सज्जनांस दुःख झालेलें पाहून मीं हें हातीं घेतलें, कवित्वाच्या गर्वानें नव्हे. 'कुमारसंभवा'चे पहिले आठ सर्ग कालिदासाचे, पुढील दुसऱ्या हातचे, असें बहुतेक पंडित मानितात. परंतु तेथें पूर्वकवि निघून गेलेला होता. येथें ग्रंथकार आपल्या मेजाशीं बसलेला असतांना, त्याच्या डोळ्यांदेखत, दुसऱ्यांनीं त्याच्या कथेचा उत्तरभाग रचिला आणि कोट्यवधि लोकांनीं तो पाहिला. अशा मनुष्यानें सकाळीं उठून त्याच कथेचें पुढील वाक्य कसें लिहावें ? शेवट तोच ठेवावा तर लोक म्हणतील, हें पाहिलें; बदलावा तर म्हणतील, हें खोटें. आमच्या मतें ह्या अडचणीचा विचार पुतण्याच्या पक्षानें केलेला नाहीं.

तसाच नातीच्या पक्षानेंही एका गोष्टीचा केलेला नाहीं. मार्टिन ह्यांनीं लेखकांचे दोन वर्ग सांगितले आहेत. कांहीं स्थपति असतात, ते घराचा आराखडा आधीं काढितात; कांहीं माळी असतात, ते बीं पेरून काय उगवतें तें पाहतात. स्वतःस ते माळी म्हणवितात. ठीक आहे. पण माळ्यानें बागेंतून फार दिवस दूर राहूं नये. २०१८ मध्यें त्यांनीं ह्याच राजघराण्यांचा पूर्वेतिहास निराळा छापिला; त्यावरून २०२२ मध्यें दुसरी मालिका निघाली; त्याच वर्षीं रॉबर्ट रेडफर्ड ह्यांच्यासह 'डार्क विंड्स' ह्या मालिकेचेही ते एक निर्माते झाले. सांता फे येथील एक जुनें चित्रपटगृह विकत घेऊन त्यांनीं २०१३ मध्यें तें पुन्हां सुरू केलें, तें निराळेंच. आणि ह्या मोठ्या निर्मातेपदाचा अधिकार तरी किती ? २०२४ मध्यें त्या दुसऱ्या मालिकेंत आपल्या कथेंतील एक पात्र गाळल्याबद्दल त्यांनीं जाहीर तक्रार लिहिली, आणि थोड्याच वेळांत ती काढूनही टाकिली. पूर्वीं ते निर्माते होते तेव्हां कात्री त्यांच्या हातीं होती. आतां नांव त्यांचें, कात्री दुसऱ्याची. हें दुःख आम्हांस त्या अपुऱ्या ग्रंथाहून मोठें वाटतें.

वह्या वेळेवर न देणाऱ्या मुलांस आम्हीं चाळीस वर्षें शून्य दिलें. तरी ह्या ठिकाणीं पुतण्यास आम्हीं इतकेंच सांगितलें कीं, तूं पांच पुस्तकांचे पैसे दिलेस आणि तुला पांच पुस्तकें मिळालीं. त्यानें उत्तर दिलें, "काका, अर्ध्या कथेचा जीव पैशांत कसा मोजावयाचा ?" ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

मार्टिन आपले ग्रंथ एका जुन्या संगणकावर, वर्डस्टार नांवाच्या कालबाह्य झालेल्या साधनानें लिहितात, असें त्यांनीं २०१४ सालीं एका मुलाखतींत सांगितलें. त्या यंत्रास बाहेरच्या जगाशीं जोड नाहीं; कोणाचें पत्र त्यावर येत नाहीं. सप्टेंबर २०२५ मध्यें त्यांनीं ७७ वर्षें पूर्ण केलीं. त्या वर्षअखेर सहावा ग्रंथ छापून आलेला नव्हता. आमचा तिसरा ग्रंथ गेल्या आठवड्यांत संपला. चौथा नातीच्या कपाटांत आहे, आणि तिची परीक्षा उरकली म्हणजे तो आम्हांस मिळावयाचा आहे.